एथलचे नाक

मी तांब्याचा एक जुना हंडा आहे. पोटात साठ लिटर पाणी मावते, कडेला दोन जाड कड्या आहेत आणि बुडाजवळ पत्रा जोडणाऱ्या रिव्हेट-खिळ्यांची एक रांग आहे. वय विचाराल तर नव्वदीला टेकलो आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानिया बेटावर, डरवेंट नदीच्या काठी विलो फ्लॅट नावाचे छोटे गाव आहे. तिथे एथल ट्रिफिटच्या शेडमध्ये, गॅसच्या शेगडीवर माझा मुक्काम असतो. थंडीच्या चार महिन्यांत इथली हौशी मंडळी एकत्र जमून घरची बिअर करतात. मित्रांनो, ती उकळण्याचे काम माझे.

जन्मलो तेव्हा मात्र माझ्या नशिबात बिअर नव्हती. जवळच्या होबार्ट शहरातल्या एका तांबटाने पत्रा तापवून, लाकडी हातोड्याने ठोकून मला गोल केले, ते धुण्यासाठी. एडा क्लिफर्ड नावाच्या बाईंच्या शेतघरात मला विटांच्या चुलीवर बसवले. दर सोमवारी माझ्यात चादरी, शर्ट आणि मुलांचे लंगोट उकळत. नाताळ आला की एडाबाई मला तीन-तीनदा घासत आणि फडक्यात बांधलेली पुडिंगे माझ्यात शिजवत. अशी तीस वर्षे गेली. मग घरात विजेचे धुण्याचे यंत्र आले आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याशी गेलो, त्यांना पाणी प्यायला. अंगावर हिरवट थर चढला. एक कडी निखळली. माझ्याकडे कुणी बघेना, आणि कोंबड्या काही बोलत नाहीत. ती वर्षे मी मोजली नाहीत.

एडाबाईंच्या पश्चात शेत विकले गेले, तेव्हा सामानाचा लिलाव झाला. त्यात एथलने मला उचलले. आधी त्याने मला उलटे केले, बुडावर बोटाने टकटक केली, मग डोके आत घालून वास घेतला आणि बायकोला म्हणाला, "कोंबड्या. निघेल." निखळलेली कडी त्याने पुन्हा बसवली, आणि मीठ व व्हिनेगर लावून मला दोन दिवस घासले. तिसऱ्या दिवशी मी असा लखलखलो की त्याच्या बायकोने, नोरीनने, माझ्या पोटात बघून केस नीट केले.

एथलची सारी नोकरी हॉप्स वाळवण्याच्या भट्टीवर झाली. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी हिरवी फुले. आमच्या खोऱ्यात त्यांचे मळेच्या मळे आहेत. पस्तीस वर्षे एथल मूठभर फुले तळव्यावर चोळायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचा, ही नदीकाठची, ही टेकडीवरची, ही भट्टीतून अर्धा तास आधी काढायला हवी होती. त्याचे सहसा चुकत नसे. मला स्वतःला नाक नाही. वास म्हणजे काय, हे मी लोकांच्या चेहऱ्यांवरून शिकलो, आणि सगळ्यात जास्त एथलच्या.

मे ते ऑगस्ट हा इथला हिवाळा. त्यात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सहा जण शेडमध्ये जमत. स्वतःला ते 'शेडवाले' म्हणवतात. सकाळचे गोठलेले दव दुपारीही गवतावर पांढरे असे. मंडळी लोकरीच्या टोप्या घालून आपापल्या खुर्च्या घेऊन येत. नोरीन भोपळ्याचे सूप करी. क्लॅरी नावाचा निवृत्त खाटीक सॉसेजेस आणी आणि ती स्वतःच जास्त खाई. मोड आणून भाजलेले बार्लीचे दाणे गरम पाण्यात भिजत घालायचे, त्यांचा गोड रस माझ्यात ओतायचा, हॉप्स घालून तासभर उकळायचा, मग गार करून पिंपात भरायचा आणि यीस्ट सोडायचे. पुढे तो रस पिंपात आंबत राहतो. माझे काम तासाभराचे, पण तो तास सगळ्यांचा आवडता. खुर्च्या माझ्याभोवती सरकत, हात वाफेवर येत आणि गप्पा सुरू होत.

रस उकळून झाला की आधीच्या खेपेच्या बाटल्या उघडायच्या. जो तो आपली बिअर ग्लासात ओतून एथलच्या हातात देई. एथल वास घेई आणि एखादाच शब्द बोले. "भिजलेला पुठ्ठा." म्हणजे बाटली भरताना हवा गेली. "पिकलेलं केळं." म्हणजे यीस्टला ऊब जास्त झाली. एकदा क्लॅरीच्या बिअरला तो "शिजवलेला कोबी" म्हणाला. क्लॅरीने ग्लास परत घेतला आणि नोरीनला विचारले, "या नाकाला तू वेगळं ताट वाढतेस का?" राग कुणालाच येत नसे. एथलने सांगितले म्हणजे ते तसेच असणार, असे सगळे धरून चालत. मीसुद्धा.

दोन हिवाळ्यांपूर्वी डेस्ली पायबस आमच्यात आली. पन्नाशीची बाई, शाळेची बस चालवते. सकाळी मुलांना पोचवले की दुपारच्या फेरीपर्यंत मोकळी. मे महिन्यात तिने पहिली बिअर लावली. पहिलीच म्हणून थोडीच, तीस बाटल्या होतील एवढी. एथल शेजारी उभा राहून शिकवत होता. ती सगळे वहीत टिपून घेई आणि मला घासताना रिव्हेटच्या खाचांतून जुना ब्रश फिरवी. ते पाहून एथल म्हणाला होता, "बिअर करणं म्हणजे नव्वद टक्के धुणं. तुला जमेल."

जूनच्या पहिल्या आठवड्यात एथल पडला. फोडलेली लाकडे गाडीच्या हौद्यात रचताना गोठलेल्या फळीवरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू लोखंडावर आपटली. सात टाके पडले, तीन दिवस होबार्टच्या रुग्णालयात गेले. घरी आला तो चालता-बोलता. जूनची बैठक तेवढी रद्द झाली. नोरीनने सगळ्यांना फोन करून सांगितले की म्हाताऱ्याचे डोके दगडाचे आहे, काळजी नको.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तो एकटाच शेडमध्ये आला. फळीवरचा हॉप्सचा डबा काढला, मूठभर फुले चोळून नाकाशी धरली. बराच वेळ तसाच उभा राहिला. ती टाकून दुसरी मूठ घेतली. मग व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली. मग रॉकेलची. रॉकेल त्याने इतके जवळ धरले की नाकाच्या शेंड्याला लागले. शेवटी बाटल्यांना बुचे लावून त्याने त्या होत्या तशा रांगेत ठेवल्या आणि माझ्या कडीला धरून खाली ओट्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. इतक्या वर्षांत असा चेहरा मी पाहिला नव्हता.

त्याने हे कुणाला सांगितले नाही. नोरीनलाही नाही.

जुलैची बैठक भरली. डेस्लीने आपली पहिली बाटली उघडली. बिअरचा रंग मधासारखा, वर पांढरा फेस. होबार्टला सप्टेंबरात घरगुती बिअरची स्पर्धा असते, तिथे ही पाठवायचे तिच्या मनात होते. तिने ग्लास एथलला दिला आणि वही उघडली.

एथलने ग्लास नाकाशी नेला. तिथे काही नव्हतेच. एक घोट घेतला, तर जिभेला नुसता कडवटपणा लागला. पुढे त्याने स्वतःच सांगितले म्हणून मला कळले, त्या घटकेला त्याने असा हिशेब केला: चांगली आहे म्हणावे आणि होबार्टला वाईट ठरली, तर आपले पितळ उघडे पडेल. खोट काढणाऱ्यावर मात्र कुणी संशय घेत नाही.

"रंगाच्या थिनरचा वास आहे," तो म्हणाला. "आंबताना तापलेली दिसते."

ग्लास फिरला. क्लॅरीने हुंगून पाहिले आणि म्हणाला, आहे खरा, जरासा. बाकीच्यांनीही माना हलवल्या. कुणी घोट घेतला नाही. डेस्लीने शेवटी ग्लास हातात घेतला. "मला नाही येत," ती म्हणाली. पुन्हा हुंगले. "हो. येतोय वाटतं."

पुढच्या सोमवारी मुलांना शाळेत सोडून ती घरी गेली आणि उरलेल्या एकोणतीस बाटल्या एकेक उघडून मोरीत ओतल्या. तरी खचली नाही. कुठे चुकले ते कळावे म्हणून दुसरी बिअर एथलच्या देखरेखीखाली लावायची, असे तिने ठरवले. एथल नाही म्हणू शकला नाही.

जुलै संपता संपता एका सकाळी साडेनऊला ती येणार होती. कडाक्याची थंडी होती म्हणून एथलने शेडची दारे लावून घेतली, माझ्यात पाणी भरले आणि सिलिंडरची चावी फिरवली. रबरी नळी उंदराने कुरतडली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. माझ्या बुडाखाली सूं असा बारीक आवाज सुरू झाला. मी तो ऐकत होतो. एथलला ऐकू आला नाही, रेडिओवर हवामान चालले होते. त्याने टोपी टांगली, बार्ली भिजवायची पेटी उघडून पुसली. सरपणाची दोन लाकडे बाजूला केली. यात बरीच मिनिटे गेली. मग त्याने खिशातून काडेपेटी काढली.

तेवढ्यात डेस्लीने दार ढकलले. खांद्यावर बार्लीची पिशवी होती. ती उंबऱ्यातच थबकली.

"एथल, काडी पेटवू नकोस," ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही.

"का?"

तिने पिशवी बाहेरच सोडली, आत येऊन सिलिंडर बंद केला, त्याच्या हातातली काडेपेटी काढून स्वतःच्या खिशात घातली, दोन्ही दारे सताड उघडली आणि बाहीला धरून त्याला अंगणात नेले. दारे उघडी असल्याने मला दोघेही दिसत होते. पांढऱ्या गवतावर उभे होते.

"सगळी शेड गॅसनं भरलीय," ती म्हणाली. "मला दारातच भपकारा आला. तू आत उभा होतास."

"सर्दी झालीय."

"तुला सर्दी नाहीये." ती म्हणाली. "कधीपासून?"

एथलने टोपीसाठी डोक्याकडे हात नेला. टोपी आत होती. "पडलो तेव्हापासून. काही म्हणजे काही येत नाही, डेस्ली. हॉप्स नाही, धूर नाही. नोरीन जेवायला वाढते ते गरम आहे एवढंच कळतं."

डेस्लीने त्याच्या दंडावर हात ठेवला. मग तो हात तिने काढून घेतला.

"म्हणजे माझी बिअर…"

"कशी होती मला माहीत नाही."

"थिनर म्हणालास तू."

"काहीतरी म्हणायला हवं होतं. सगळे बघत होते."

"मला ती बरी लागत होती," डेस्ली म्हणाली. "ओतायच्या आधी घरी एक घोट घेतला होता मी. तरी ओतली सगळी, कारण तू म्हणालास."

मग तिने विचारले, नोरीनला माहीत आहे का. त्याने मान हलवली, नाही.

"तुमच्या स्वयंपाकघरातही गॅसच आहे. आजच्या आज सांग तिला. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

तिने पिशवी उचलून गाडीत टाकली आणि ती गेली.

दुपारी नोरीन आणि एथल नवी नळी घेऊन शेडमध्ये आले. सांगून झालेले होते. नोरीनने जुनी नळी काढून कुरतडलेली जागा बोटाने चाचपली. रागावलेली दिसली नाही. ती हळूहळू बोलत होती, पाना फिरवता फिरवता.

"चाळीस वर्षं तू पायरीवरूनच ओळखायचास, आज कोकराचं मटण, आज अ‍ॅपल पाय. दीड महिना झाला, आत येतोस, बूट काढतोस, जेवतोस, उठतोस. मला वाटलं, तुला माझ्या हातचं नकोसं झालं. मी वाचनालयातून पाककृतींचं पुस्तक आणलं, एथल. या वयात."

"चवच लागत नव्हती. काय बोलणार?"

"हेच बोलायचं होतं."

तिने नळी घट्ट बसवली, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि मग बराच वेळ त्याच्या शेजारी माझ्याकडे पाठ करून बसून राहिली.

होबार्टच्या डॉक्टरांनी सांगितले की आपटल्यामुळे नाकामागच्या नाजूक नसा तुटल्या आहेत. कदाचित भरून येतील, कदाचित नाही. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार बाटल्या रोज दोनदा हुंगायच्या, एवढाच उपाय. शेडमध्ये आणि घरात गॅस गळाला की वाजणारा भोंगा बसला. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नोरीन तारीख लिहू लागली.

ऑगस्टच्या बैठकीला डेस्ली आली नाही. एथल उठून उभा राहिला, माझ्या काठावर हात ठेवून. नाक गेले आहे, आणि जुलैत डेस्लीच्या बिअरबद्दल बोललो ते खोटे होते, असे त्याने दोन वाक्यांत सांगितले. क्लॅरी आपल्या बुटांकडे बघत होता.

"पण मला आला होता रे थिनरचा वास," तो म्हणाला.

"तुला नव्हता आला, क्लॅरी. मी म्हणालो म्हणून आला."

क्लॅरीने थोडा विचार केला. "आणि माझ्या बिअरला कोबी म्हणालास ते?"

"तेव्हा नाक शाबूत होतं. तो कोबीच होता."

तेव्हा कुठे मंडळी हसली. पण त्या दिवशी बाटल्या कुणी उघडल्या नाहीत. डेस्लीची ती बिअर कशी होती हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता, आणि त्याचे उत्तर मोरीतून वाहून गेले होते. मित्रांनो, ते आजवर कुणाला कळलेले नाही, आणि आता कळणारही नाही.

पुढच्या सोमवारी एथल डेस्लीच्या घरी गेला. माफी मागून झाल्यावर त्याने विचारले, रिकाम्या बाटल्या कुठे आहेत. त्या मोरीशेजारी खोक्यांत तशाच पडल्या होत्या, तळाशी गाळ वाळलेला. एथलने बाह्या सरसावल्या आणि तीसच्या तीस बाटल्या ब्रशने घासून, तीन पाण्यांनी धुऊन, उपड्या घातल्या. दीड तास लागला. डेस्ली दाराला टेकून उभी होती. हात लावला नाही आणि चहाही विचारला नाही. हे ती दर हिवाळ्यात स्वतःच सांगते. शेवटची बाटली उपडी घातल्यावर ती म्हणाली, "शनिवारी पाणी ठेव. पण शेगडी मी पेटवणार."

त्या शनिवारी माझ्याजवळ दोघेच होते. हॉप्स टाकल्यावर वाफ उठली. एथलने सवयीने मान पुढे केली, मग मागे घेतली.

"काय येतंय?" त्याने विचारले.

"चांगला वास येतोय."

"चांगला नको सांगूस. कशासारखा येतोय ते सांग."

डेस्लीने डोळे मिटले. "ओल्या पेंढ्यासारखा. नाही, मागून संत्र्याची साल येतेय."

"पेंढा जास्त की साल?"

"पेंढा."

"मग दहा मिनिटं आणखी थांब."

दहा मिनिटांनी पेंढा मागे पडला, संत्रे पुढे आले. तिने तसे सांगितले, आणि एथलने मान हलवली. पस्तीस वर्षांची माहिती त्याच्या डोक्यात जागच्या जागी होती, तिथपर्यंत जायची वाट तेवढी बुजली होती.

शेडवाल्यांचीही रीत बदलली. आता ग्लास आधी सगळ्यांकडे फिरतो, जो तो आपल्याला काय वास आला ते कागदावर लिहितो आणि मगच तोंड उघडतो. कागद एथल वाचून दाखवतो. पहिल्या वेळी सहा कागदांवर सहा निराळ्या गोष्टी निघाल्या आणि भांडण सूप गार होईपर्यंत चालले. हळूहळू जमू लागले. सगळ्यांत नवल क्लॅरीचे. मांस ताजे की शिळे हे जन्मभर ओळखत आलेला माणूस, त्याचे नाक उत्तम निघाले. इतकी वर्षे एथल होता म्हणून त्याने ते वापरलेच नव्हते. डेस्लीची बिअर गेल्या सप्टेंबरात होबार्टला गेली. बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी कागदावर लिहून पाठवले, 'स्वच्छ, संत्र्याची साल'. तो कागद तिने बसमध्ये चिकटवला आहे.

एथलला वास परत आलेला नाही. कधीकधी लवंग येते म्हणतो. नोरीन म्हणते, ती आठवणीतली लवंग आहे. पण संध्याकाळी तो पायरीवर उभा राहतो आणि आतून नोरीन ओरडून सांगते, आज काय केले आहे ते.

आता माझ्याविषयी थोडे सांगून थांबतो. यंदाच्या जूनमध्ये माझ्या एका रिव्हेटजवळ केसाएवढी चीर पडली. थेंब थेंब पाणी ज्वाळेवर पडे आणि चुर्र होई. सहा आठवडे मी गळत होतो. डेस्लीने मला घासताना हिरवी रेघ पाहिली, तेव्हा ते कळले. शेजारच्या गावातल्या कारागिराकडून डाग देऊन घेतला, आता ठीक आहे. मित्रांनो, आम्हा भांड्यांना वापरून झाल्यावर धूत जा, पुसून कोरडे करत जा, महिन्यातून एकदा उलटे करून बूड बघत जा. आम्हाला काय होते आहे ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येते. कुठे गळू लागलात तर जवळच्या माणसाला सांगा, आणि जमले तर पहिल्याच आठवड्यात.